दुखण्याची तारीख

२० जुलै २०२५, रविवार

आज गटारी केली. अमावस्या गुरुवारी आहे, पण गुरुवारी आमच्याकडे खात नाहीत, म्हणून आमच्या सगळ्या लोधिवली गावाने आजच सुऱ्या काढल्या. कोंबडी दरवर्षी मीच कापते. माझा नवरा प्रवीण, माणूस म्हणून केवढा आडवातिडवा, पण रक्त दिसलं की डोळे मिटून घेतो. लग्नानंतर पहिल्या गटारीला तो चक्कर येऊन पडला होता, तेव्हापासून सुरी माझ्याकडे आली ती आलीच.

पंखांवर पाय दिला, डाव्या हातात मान धरली, उजव्या हाताने सुरी फिरवली. अर्धी मान कापली आणि सुरी गळून पडली. मी सोडली नाही. हाताला बोटं आहेत हेच मला त्या क्षणी कळत नव्हतं. मग काय, अर्ध्या मानेची कोंबडी सुटली ती अंगणातून ओटीवर, ओटीवरून स्वयंपाकघरात. भिंतीवर रक्त, फ्रीजवर रक्त, सासूबाईंच्या धुतलेल्या लुगड्यावर रक्त. प्रवीण दारात आला, बघितलं, खाली बसला, उठला आणि माझ्या कानाखाली ठेवून दिली. सणाच्या दिवशी घराची काय दशा केली म्हणे. मी पण कालवणाचा डाव उचलून फेकला, पण डाव्या हाताने, त्यामुळे तो खिडकीला लागला.

रस्सा मात्र झकास झाला होता. सगळ्यांनी दोनदा घेतला.

हे सगळं मी मोबाइलला सांगते आहे आणि तो लिहितो आहे. पनवेलच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज हात किती दुखतो, काय काय जमत नाही, ते लिहून ठेवा, भरपाईला उपयोगी पडेल. पेन धरता येत असतं तर भरपाई कशाला मागितली असती? म्हणून घराच्या मागे येऊन, गवताच्या भाऱ्यांपाशी बसून बोलते. लिही बाबा, तू तरी लिही.

२३ जुलै, बुधवार

डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं नीट सांगून ठेवते, नाहीतर विसरेन. मनगटातली नस दाबली गेली आहे. एकच काम, एकाच पद्धतीने, वर्षानुवर्षं केल्याने होतं. ऑपरेशन लवकर केलं तर हात वाचेल, उशीर केला तर तळव्यातलं मांस आणखी सुकेल. अंगठ्याखालचा उंचवटा माझा आत्ताच बसला आहे.

काम म्हणजे काय, तर खालापूरजवळच्या कंपनीत मी प्रेसवर आहे. दरवाजाच्या बिजागऱ्या बनतात. लोखंडी पट्टी उजव्या हाताने मशीनच्या जबड्यात ठेवायची, हात बाहेर घ्यायचा, पायाने पेडल दाबायचं. वरून ठोका येतो, भोक पडतं. की परत हात आत, हात बाहेर, पाय. पहिल्या वर्षी मोजायचे, मग सोडून दिलं. आता झोपेत पण माझा पाय हलतो असं प्रवीण म्हणतो. तो त्याच कंपनीत सेटर आहे, म्हणजे मशीनी लावणं, काढणं, हात आत असताना ठोका पडू नये म्हणून पुढे जाळी बसवणं हे त्याचं काम.

कंपनीच्या डॉक्टरने हात न धरताच सांगितलं की बायकांना वयाप्रमाणे होतं. मी म्हटलं, साहेब, मी पस्तिशीची आहे. तो म्हणाला, तेच म्हणतोय मी.

४ ऑगस्ट, सोमवार

आज सुट्टी टाकून भरपाईच्या ऑफिसात गेले. प्रवीण बाहेर चहाच्या टपरीवर थांबला. आतल्या क्लार्कने फॉर्म पुढे ओढला आणि विचारलं, अपघात कधी झाला. मी म्हटलं, अपघात नाही, काम करून करून झालंय. तो म्हणाला, ते ठीक आहे, पण तारीख सांगा, इथे रकाना आहे.

मी म्हटलं, "रोज."

त्याने वर बघितलं. "बाई, रोज ही तारीख नसते."

माझं डोकं फिरलं. टेबलावर हात आपटला, तोच हात, आणि कळ अशी डोक्यापर्यंत गेली की पुढचं बोलणंच सुचेना. त्याला वाटलं मी दमदाटी करते आहे. शिपायाने दंडाला धरून मला बाहेर काढलं. शेवटी त्यानेच, म्हणजे क्लार्कने, जरा दया येऊन सांगितलं की कागद ठेवून जा, कंपनीला विचारू, त्यांचा माणूस चौकशीला घरी येईल. तो जर कामामुळे झालं असं म्हणाला तर बघू.

मला दुसरं काही नको. कामाने झालं, एवढं कोणीतरी लिहून द्यावं. मग ऑपरेशन त्यांच्या खर्चाने, आणि हात परत माझा.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

गणपती बुधवारी बसले. घरात माणसांची ये-जा, टाळ, आरत्या, आणि मी एका कोपऱ्यात बसून दुर्वा निवडते आहे डाव्या हाताने. मोदक वळता येत नाहीत, नारळ खवता येत नाही. यंदा सगळं सासूबाईंनी केलं. त्यांचं नाव अंबूबाई, वय झालंय, गुडघे कुरकुरतात, तरी पहाटेपासून चुलीपुढे होत्या. एका शब्दाने बोलल्या नाहीत मला. आईने पोटच्या पोरीचं केलं नसतं एवढं करतात.

दुपारी मी पोशीरला गेले होते, माहेरच्या गणपतीला. आल्यावर कळलं की कंपनीचा चौकशीवाला येऊन गेला. सासूबाई खूश होत्या. चांगला माणूस होता म्हणाल्या, गणपतीला नमस्कार केला, पाच मोदक खाल्ले, घरच्यांची विचारपूस केली. मोदकांचा फोटो पण काढला. मी विचारलं, हाताचं काय बोलला? त्या म्हणाल्या, हाताचं कायच नाय बोलला, फक्त सून काय काय करते ते विचारत होता.

चला, येऊन गेला एकदाचा. आता निकाल लागेल. गौरी रविवारी येणार, तिला नवस बोलले आहे.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

कागद आला. प्रवीणने मोठ्याने वाचला. त्यात असं आहे की अर्जदार बाई घरी मोठ्या कुटुंबाचा सगळा स्वयंपाक एकटी करते, चुलीवर भाकऱ्या थापते, सणाला शेकडो मोदक वळते, आणि लावणीच्या दिवसांत गावात तिच्यासारखी लावणी कोणी करत नाही. हे सगळं घरच्या वडीलधाऱ्या बाईने स्वतःच्या तोंडाने सांगितलं आहे, सोबत मोदकांचा फोटो. सबब हाताचं दुखणं घरकाम आणि शेतीमुळे आहे, कंपनीचा संबंध नाही.

एकही मोदक मी वळला नव्हता. शेतात यंदा पाय ठेवला नाही.

मी समोरचं ताट उचलून भिंतीवर मारलं. सासूबाईंनी ताट उचलून जागेवर ठेवलं. त्या म्हणाल्या, "सणाच्या दिवशी दारात आलेल्या पावण्याला सुनेचं गाऱ्हाणं सांगू का गं? हात मोडलेली सून हाय आमची, असं बोलू? घराची अब्रू हाय ना काय?" आणि मग स्वतःच्याच तोंडात मारून घेत सुटल्या, दोन्ही हातांनी, थांबेनातच. प्रवीणने त्यांचे हात धरले. मग त्यांना सोडून तो माझ्यावर धावला, तुझ्यापायी आई अशी झाली म्हणून. केस धरून मला ओट्यावर आपटलं. मी लाटणं घेऊन त्याच्या नडगीवर घातलं. तो लंगडत बाहेर गेला आणि पिऊन आला.

सासूबाईंवर मला राग धरता येत नाही. त्यांच्या जागी माझी आई असती तर तिने पण तेच सांगितलं असतं. मी असते तर मी पण. पाहुण्यासमोर घरच्या सुनेला कमी कोण लेखतं? त्या माणसाला हे माहीत होतं, म्हणून तर सणात आला मेला.

१५ सप्टेंबर, सोमवार

माझा भाऊ गजा, पोशीरचा. टेंपो चालवतो. डोक्याने माझ्यासारखाच. मी त्याला फक्त फोनवर सांगितलं होतं की असं असं झालं. काल त्याने तो चौकशीवाला खालापूरच्या बाजारात गाठला आणि टेंपोच्या पान्याने मारला. एक दात पाडला, हाताचं हाड मोडलं. लोकांनी धरलं, पोलीस आले.

गजाला सोडवायला प्रवीण गेला. दिवसभर पोलिसांच्या आणि त्या माणसाच्या पाया पडून तडजोड करून आला. घरी आल्यावर म्हणाला, आता कायद्याने तर कायच भेटणार नाय, तुझ्या भावाने वाट लावली. आणि मग म्हणाला, त्या चौकशीवाल्याचं बघ, हाड मोडलं रविवारी, सोमवारी त्याचा फॉर्म भरला पण. कामावर असताना मार खाल्ला असं दाखवून कंपनी सगळं देतेय त्याला.

मी म्हटलं, त्याला तारीख आहे ना. प्रवीण माझ्याकडे बघतच राहिला.

२१ सप्टेंबर, रविवार

प्रवीण बदलला आहे. खरंच सांगते. आठवडा झाला, पिऊन आला नाही, हात उगारला नाही. आज सर्वपित्रीचं जेवण झाल्यावर माझ्यापाशी बसला, माझा हात मांडीवर घेतला. सुई आणली आणि बोटाबोटाला टोचून विचारलं, इथं दुखतं का, इथं कळतं का. अंगठा, पहिलं बोट, मधलं बोट, यांत काहीच कळत नाही. करंगळीत कळतं. त्याने दोनदा तपासलं. मग म्हणाला, म्हणजे या तीनांत जीवच नाय ना? मी म्हटलं, नाही. त्याचे डोळे पाण्याने भरले.

इतक्या वर्षांत माझ्या हाताला कोणी इतकं निरखून बघितलं नव्हतं, डॉक्टरनेसुद्धा नाही. मला रडूच आलं. म्हटलं, असा आधी का नाही रे वागलास.

२५ सप्टेंबर, गुरुवार

कंपनीने मला प्रेसवरून काढून पॅकिंगला टाकलं होतं, ते पण बंद करणार होते. प्रवीणने विपुलला, म्हणजे आमच्या सुपरवायझरला, जाऊन विनवलं आणि मला परत प्रेसवर घ्यायला लावलं, त्याच्याच पाळीत. विपुलने मला बोलावून सांगितलं, जमत असेल तर बस, नाहीतर घरी बस, नाटक नको. मी म्हटलं जमेल. डाव्या हाताने पट्टी ठेवते, उजवा नुसता टेकू. पगार सुरू राहील हे काय कमी आहे?

जेवताना प्रवीण दुसऱ्या कंपनीतल्या कोणाचं सांगत होता. त्याची दोन बोटं मशीनमध्ये गेली, त्याला भरपूर पैसे मिळाले, घरावर स्लॅब टाकला, भावाला नोकरी लागली. नशीबवान म्हणे. मी म्हटलं, कसलं नशीब, बोटं गेली ना त्याची.

तो म्हणाला, "तुझी तरी कुठं हायेत?"

मी हसले. खरंच आहे की.

२८ सप्टेंबर, रविवार

नवरात्रात मी हिरव्या बांगड्या भरल्या होत्या. आज प्रवीण म्हणाला, उजव्या हातातल्या काढून ठेव, कामावर काच फुटली तर मनगटात घुसेल, मग लोकांना निस्तरायला जड जातं. सासूबाई चिडल्या. नवरा जिवंत असताना सवाष्णीचा हात मोकळा ठेवतात का, म्हणाल्या. तो म्हणाला, एकाच हातातल्या तर काढायच्यात. इतक्या मऊ आवाजात म्हणाला की मी काढल्या. रोज कामावर जाण्याआधी तो खोबरेल तेल कोमट करून मनगट चोळून देतो. शेजारच्या बायका बघतात. बघू देत.

१ ऑक्टोबर, बुधवार

आज खंडेनवमी. कंपनीत मशीनींची पूजा. मशीन बंद, पुसलेली, हळदीकुंकू लावलेलं, झेंडूचे हार. माझ्या प्रेसला प्रवीणने स्वतः हार घातला आणि नारळ फोडला. नमस्कार करताना बराच वेळ डोळे मिटून उभा होता.

एक गोष्ट त्याला विचारायची राहिली. माझ्या प्रेसची पुढची जाळी तीन दिवस झाले निघालेली आहे. सेटिंगला काढली, बसवतो बसवतो म्हणतो. जाळी नाही म्हणून मी आता पाय पेडलवर ठेवतच नाही. खाली फरशीवर ठेवते आणि हात बाहेर आला की बघून, मुद्दाम उचलून पेडलवर टेकवते. त्याने काम हळू होतं, पण आपली काळजी आपण घ्यावी.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. यंदा गांधीजयंती पण आजच, त्यामुळे दारू बंद, गावभर माणसं शुद्धीवर. गजा सोनं द्यायला आला होता. आपट्याची पानं देऊन सासूबाईंच्या पाया पडला. मी त्याला ओट्यावर चहा दिला तेव्हा तो म्हणाला, दाजींनी उद्या चारला टेंपो घेऊन कंपनीच्या गेटवर उभं राहायला सांगितलंय, आत गादी टाकून आण म्हणाले. काय आणायचंय गं?

चारला चहाची सुट्टी असते. तेव्हा आमच्या शेडमध्ये कोणी नसतं.

मी म्हटलं, दिवाळी आली, कपाटबिपाट आणायचं असेल. गजा म्हणाला, मग गादी कशाला? मी म्हटलं, घासलं जाऊ नये म्हणून. त्याला पटलं. तो गेल्यावर मी आत डोकावले. प्रवीण आत आईला पुरणपोळी भरवत होता. त्याला मी काही विचारलं नाही. सणाच्या दिवशी कशाला.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

अपघात झाला. माझा नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

आता सांगते. एकदाच सांगेन.

चारची शिट्टी झाली, बायका चहाला गेल्या. प्रवीण आला, म्हणाला तू थांब, हा एवढा घाणा संपवू. घाणा म्हणजे पट्ट्यांचा ढीग. खिशातून तेलाची बाटली काढली आणि म्हणाला, थांब, हात चोळतो आधी. कोपरापर्यंत चोळला. त्याचे हात गार पडले होते. मशीन चालूच होती, चाक फिरत होतं, हारातली झेंडूची फुलं हलत होती.

मग तो माझ्या मागे आला. डावा हात माझ्या गळ्याभोवती टाकला, आणि उजव्या हाताने माझं उजवं मनगट धरून मशीनच्या जबड्यात नेलं. मी म्हटलं, काय करतोस. तो रडत होता. कानाशी म्हणाला, "समे, डोळे मिट. त्यात जीव नायच. एकदा काय ते होऊन जाऊ दे, मग तारीख भेटेल."

मी त्याच्या दंडाला चावले. रक्त आलं तोंडात, खारट. त्याने गळा आणखी आवळला, मला श्वास घेता येईना, डोळ्यांपुढे काळं आलं. त्याचा पाय माझ्या पायाशेजारून पेडल शोधत होता. त्याचा बूट माझ्या घोट्यावर दोनदा आपटला, सापडत नव्हतं त्याला. मी मान वळवली तर त्याचा चेहरा माझ्या चेहऱ्याला लागून होता. त्यानेच डोळे मिटले होते. घट्ट. रक्त बघवत नाही ना त्याला.

हात तेलाने बुळबुळीत, बांगड्या नाहीत, तळवा सुकलेला. मी जोर लावला तर माशासारखा सुटून बाहेर आला. त्याचा हात आतच राहिला. त्याला कळलंच नाही.

हात बाहेर आला. आणि पाय खाली गेला.

सवय आहे ती. इतक्या वर्षांची. हात आत, हात बाहेर, पाय. पाय कोणाला विचारत नाही. मी काही ठरवलं नव्हतं. हे मी कोणाच्याही गळ्याची शपथ घेऊन सांगेन.

ठोका पडला तेव्हा आवाज नेहमीपेक्षा वेगळा आला, जरा ओला. प्रवीण ओरडला नाही. त्याने डोळे उघडले, आधी माझ्या हाताकडे बघितलं, जागेवर आहे हे बघितलं, मग स्वतःच्या. मग ओरडला. रक्त हारावर उडालं होतं, माझ्या मंगळसूत्रावर, हळदीकुंकवावर. मी मशीनचं बटण बंद केलं, पदर फाडून मनगटावर आवळला, आणि त्याला उचलून बाहेर आणलं. गजाचा टेंपो गेटवर तयार होताच. गादी पण होती.

९ ऑक्टोबर, गुरुवार

प्रवीणची तीन बोटं गेली. अंगठा, पहिलं, मधलं. तळव्यातून सळ्या घातल्या आहेत. पनवेलच्या मोठ्या दवाखान्यात ठेवलाय, खर्च कंपनी करते. विपुल शहाळी घेऊन आला, नाटक वगैरे काही बोलला नाही.

आज जबाब घ्यायला माणसं आली. त्यांनी प्रवीणला विचारलं, मशीनवर कोण होतं, पेडल कोणी दाबलं. मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते. प्रवीणने माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मला वाटलं आता सांगतो.

तो म्हणाला, "सेटिंग करत होतो. माझाच पाय पडला."

लिहून घेणाऱ्याने मान हलवली. दुसरं तो सांगणार काय? माझं नाव घेतलं असतं तर माझा हात तिथे कसा, त्याचा हात माझ्या हातावर कसा, जाळी कुठे, टेंपो आधीच का, सगळं निघालं असतं. गजाला मी सांगून ठेवलंय की कपाटाचं बोलायचं नाही. तो काही विचारत नाही. आताशा माझ्याशी जरा कमीच बोलतो.

सासूबाई म्हणाल्या, चावल्यासारखं काय दिसतंय गं याच्या दंडावर? मी म्हटलं, मशीनचं लागलं असेल.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

त्याच ऑफिसात, त्याच क्लार्ककडे. या वेळी त्याने दोन खुर्च्या दिल्या, शिपायाला पाणी आणायला सांगितलं. फॉर्म पुढे ओढला आणि सगळे रकाने भराभर भरले. तारीख, वेळ, मशीन, कुठलं बोट. कामामुळे झालं का, याच्यापुढे त्याने हो लिहिलं. विचारलं पण नाही. एका शब्दासाठी मी गटारीपासून पायपीट करते आहे, तो शब्द त्याने पेन न उचलता लिहिला.

प्रवीणला सही करता येईना, म्हणून डाव्या हाताचा अंगठा घेतला. शाई मी लावली.

निघताना मी म्हटलं, साहेब, माझं काय झालं? त्याने आठवून बघितलं. मग म्हणाला, तुमचं ते रोजवालं ना, ते बंद झालं बाई. वाईट वाटून म्हणाला, खोटं नाही सांगत. मी माझा हात टेबलावर ठेवला, हळूच या वेळी. तो हाताकडे बघत होता आणि मी त्याच्याकडे. मग पुढच्या माणसाने हाक मारली.

बाहेर आल्यावर मी प्रवीणला म्हटलं, पैसे आले की पहिलं माझं ऑपरेशन. तो लगेच हो म्हणाला. हल्ली तो माझ्या प्रत्येक गोष्टीला लगेच हो म्हणतो.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज दुपारी सगळे घरी. सासूबाईंनी तांदळाच्या भाकऱ्या केल्या, सुक्या बोंबलांचं कालवण केलं. आम्हा दोघांना समोरासमोर बसवलं आणि भाकरी मोडून मोडून आधी त्याच्या ताटात घातली, मग माझ्या. घरात दोन कमावते हात होते, म्हणाल्या, आता एकालाही घास मोडता येत नाय, काय पाप केलं होतं मी. मोदकांचं बोलत होत्या. अजून ते मोदकच त्यांच्या जिवाला लागून आहेत. मी म्हटलं, आई, तुमचा काही दोष नाही. आणि ते खरं आहे.

ऑपरेशनची तारीख मिळाली आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उशीर झालाय, हात पूर्ण येईल असं नाही, पण सुई टोचली तर कळेल. तेवढं झालं तरी पुष्कळ.

जेवताना मी एका पायावर बसते आणि दुसरा मोकळा असतो. तो आपोआप हलतो, वर, खाली. मला कळत पण नाही. मघाशी कळलं, कारण प्रवीण घास चावता चावता थांबला. त्याची नजर माझ्या पायावर होती. त्याने ताटातला डावा हात, चांगला हात, हळूच उचलून मांडीखाली घेतला. सासूबाई म्हणाल्या, जेव ना रं, काय झालं? मी पाय थांबवला, तेव्हा कुठे त्याने हात बाहेर काढला आणि पुढचा घास घेतला.